कॅम्पर आधी, ट्रक नंतर: हौद्यातल्या घराचा वजनाचा हिशेब

अमेरिकेत पिकअपच्या हौद्यात ठेवून न्यायचं एक छोटं घर मिळतं. त्याला ट्रक कॅम्पर म्हणतात. पलंग, शेगडी, फ्रिज, संडास, पाण्याची टाकी सगळं आत असतं. चार कोपऱ्यांना चार जॅक असतात. ते खाली सोडून घर वर उचललं की ट्रक खालून निघून जातो. मागे ट्रेलर ओढायची नसल्याने युटामधल्या कच्च्या रस्त्यांवरही नेता येतं आणि वळवायला, मागे घ्यायला सोपं जातं. अमेरिकेतल्या मराठी घरांतही यलोस्टोनची सहल ठरली की कधी ना कधी हा विषय निघतोच.

ट्रेलरचं बहुतेक वजन ट्रेलरच्याच चाकांवर असतं. कॅम्परचं मात्र सगळं वजन ट्रकच्या पाठीवर येतं, आणि त्यातलंही जवळजवळ सगळं मागच्या अ‍ॅक्सलवर. म्हणून ‘ही गाडी १२ हजार पौंड आरामात ओढते’ हे सेल्समनचं वाक्य इथे काही कामाचं नाही. ओढायला बैल लागतो, पाठीवर वाहायला गाढव. एकाच्या ताकदीवरून दुसऱ्याची ठरत नाही.

बहुतेकांची चूक क्रमात होते. दारात एक ट्रक आधीच उभा असतो, मग त्यात बसेल असा कॅम्पर शोधायला निघतात आणि दुकानदार ‘बसतो की!’ म्हणतो. रुंदीने तो बसतोच, कारण हौदे रुंदीला साधारण एकाच मापाचे असतात. वजनाने बसतो का, हा प्रश्न वेगळा. आधी कॅम्पर ठरवावा, त्याचं भरलेलं वजन काढावं आणि मग ते पेलणारा ट्रक घ्यावा. ट्रक आधीच घेतला असेल तर त्याचा आकडा हीच आपली मर्यादा समजून कॅम्पर निवडावा. तिसरा मार्ग नाही.

दारावरचा आकडा

हाफ-टन, थ्री-क्वार्टर-टन, वन-टन ही नावं जुन्या काळची आहेत. आज १५००, २५००, ३५०० किंवा एफ-१५०, एफ-२५०, एफ-३५० असे त्यांचे आकडे दिसतात. पूर्वी या नावांचा वाहण्याच्या क्षमतेशी संबंध होता, आता फारसा उरलेला नाही. मागे एकेक चाक असलेली आजची ‘वन-टन’ गाडी ४,००० पौंडांच्या आसपास, म्हणजे दोन अमेरिकन टन, वाहू शकते. आणि त्याच नावाची दुसरी गाडी तिच्यापेक्षा कित्येक शे पौंडांनी कमी वाहते. त्यामुळे नावावर जाऊ नका. ड्रायव्हरचं दार उघडा.

दाराच्या चौकटीवर दोन स्टिकर असतात. त्यातल्या टायरच्या स्टिकरवर एक वाक्य असतं: माणसं आणि सामान मिळून अमुक किलो किंवा अमुक पौंडांपेक्षा जास्त होता कामा नये. हा आकडा त्या मॉडेलचा नसतो, तुमच्या त्याच एका गाडीचा असतो. कारखान्यातून बाहेर पडताना तिच्यावर जे जे बसवलेलं होतं ते वजा करून तो काढलेला असतो. चार दारांची कॅब, फोर-व्हील ड्राइव्ह, काचेचं छत, विजेवर सरकणाऱ्या सीट, प्रत्येक गोष्ट त्यातून आपला वाटा खाते. गाडी जितकी चैनीची, तितकी तिची वाहण्याची क्षमता कमी. नंतर तुम्ही बसवलेला विंच, पायऱ्या, हौद्यातली अवजारांची पेटी हे त्यात धरलेलं नसतं. ते तुम्हीच वजा करायचं.

दुसऱ्या स्टिकरवर तीन आकडे असतात. जीव्हीडब्ल्यूआर म्हणजे गाडी, माणसं, इंधन आणि सामान मिळून चालणारं कमाल वजन. बाकीचे दोन जीएडब्ल्यूआर, म्हणजे पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलची वेगवेगळी मर्यादा. ज्या गाड्यांचा जीव्हीडब्ल्यूआर १०,००० पौंडांच्या वर आहे, त्यांना माणसं-सामानाच्या वाक्याचं स्टिकर लावण्याची सक्ती नाही, त्यामुळे ते तिथे नसूही शकतं. तेव्हा गाडी काट्यावर नेऊन जीव्हीडब्ल्यूआरमधून तिचं वजन वजा करायचं. हे नेहमीच जास्त खात्रीचं.

याच १०,००० च्या आकड्यात एक गोम आहे. अमेरिकेत या रेषेच्या वर व्यावसायिक गाड्यांचे नियम कडक होतात, म्हणून थ्री-क्वार्टर-टन गाड्यांचा जीव्हीडब्ल्यूआर बराच काळ नेमका १०,००० वरच थांबवलेला असे. त्याच गाडीत डिझेल इंजिन घेतलं की इंजिनचं जास्तीचं काही शे पौंड वजन थेट सामानाच्या हिश्श्यातून जातं. डिझेल जोरदार, म्हणून ते जास्त वाहील, असं वाटतं. प्रत्यक्षात उलटं घडतं. कॅम्परसाठी २५०० वर्गातली जुनी डिझेल गाडी पाहत असाल तर पैसे देण्याआधी दार उघडून बघा. २,००० च्या घरातला आकडा दिसला तर आश्चर्य वाटायला नको.

गाडीसोबतच्या कागदपत्रांतही एक आकडा मिळतो. हौद्यात कॅम्पर बसू शकेल अशा ट्रकसोबत त्याची वजनमर्यादा आणि गुरुत्वमध्य कुठे यायला हवा याची आकृती देणं अमेरिकेच्या केंद्रीय नियमाने बंधनकारक आहे. हा आकडा दारावरच्या आकड्याशी जुळत नाही म्हणून लोक गोंधळतात. कारण साधं आहे: त्यातून प्रत्येक सीटमागे १५० पौंड आधीच वजा केलेले असतात. पाच सीट असतील तर ७५० पौंड गेले. तुम्ही दोघंच जाणार असाल तर उरलेले पौंड तुमचेच. आणि त्या पुस्तिकेत ‘या गाडीवर कॅम्पर बसवू नये’ असं लिहिलेलं असेल, तर विषय तिथेच मिटला.

माहितीपत्रकातला कॅम्पर आणि रस्त्यावरचा कॅम्पर

कॅम्परच्या माहितीपत्रकात ‘ड्राय वेट’ छापलेलं असतं. कोरडं म्हणजे खरोखरच कोरडं: पाणी नाही, गॅस नाही, बऱ्याचदा बॅटरी नाही, आणि दुकानात उभ्या असलेल्या त्या कॅम्परवर बसवलेला एसी किंवा छज्जाही नाही. एक हिशेब करून पाहू. आकडे नमुन्याचे आहेत, पण प्रमाण खरं आहे.

माहितीपत्रकात २,८५० पौंड. एसी, बाहेरचा छज्जा, सोलर पॅनल, ओव्हन मिळून २६० धरा. पाण्याची टाकी ३६ गॅलनची. अमेरिकन गॅलनभर पाणी ८.३४ पौंड भरतं, म्हणजे ३०० पौंड. गरम पाण्याच्या बंबातले ६ गॅलन लोक हमखास विसरतात, ते ५०. प्रोपेनचे २० पौंडी दोन सिलिंडर. त्यात २० पौंड हा फक्त गॅस, रिकाम्या सिलिंडरचे आणखी १७, म्हणून दोन्ही मिळून ७४. शिसं-आम्लाच्या दोन बॅटऱ्या १२०. कॅम्पर ट्रकला जखडायचं लोखंड १००. मग संसार: अंथरुणं, कपडे, भांडी, घडीच्या खुर्च्या, पाण्याचे पाइप, सांडपाण्याचा पाइप, अवजारं, आठवड्याचा किराणा. दोन मुलांच्या कुटुंबाला यात ५०० पौंड सहज लागतात. प्रेशर कुकर, २० पौंडांची तांदळाची गोणी आणि पाण्याच्या बाटल्यांचे दोन खोके एवढ्यातच शंभरी गाठली जाते.

इथपर्यंत ४,२५४ पौंड झाले. आता माणसं: दोन मोठी, दोन लहान, ४५० पौंड. एकूण ४,७०४ पौंड, म्हणजे २,१३४ किलो. माहितीपत्रकातल्या आकड्यापेक्षा १,८५४ पौंड जास्त.

हाफ-टन गाडीच्या दारावर साधारण १,२०० ते १,९०० पौंड दिसतात. जादा वजनाचं पॅकेज मागवलेल्या काही मोजक्या गाड्या ३,००० च्या घरात जातात, पण त्या दुकानात तयार उभ्या सापडणं कठीण. म्हणजे हाफ-टनसाठी छत वर उचलून उघडायचा हलका, साधा कॅम्परच योग्य, आणि त्यातही हिशेब करूनच.

मागचा अ‍ॅक्सल आणि टायर

दारावरचा आकडा पाळला म्हणजे सुटलो असं नाही. समजा, मागे एकेक चाक असलेली वन-टन गाडी आहे. पूर्ण टाकी भरून, ड्रायव्हर उतरवून काट्यावर नेली: पुढे ४,३०० पौंड, मागे २,९००, एकूण ७,२००. जीव्हीडब्ल्यूआर ११,५००. मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा ७,२००. वर मोजलेला कॅम्पर चढवला. त्याचे ४,२५४ पौंड बरोबर मागच्या अ‍ॅक्सलवर आले, म्हणजे मागे ७,१५४. कॅबमध्ये माणसं बसली, त्यांच्या वजनातले अंदाजे १८० पौंड मागे गेले. झाले ७,३३४. अ‍ॅक्सलची मर्यादा १३४ ने ओलांडली. एकूण वजन ११,९०४, तिथेही ४०४ ने वर. पाणी ओतून टाकलं, फाळका काढून घरी ठेवला, तरी जीव्हीडब्ल्यूआर काठावरच राहतो. कागदावर ‘वन-टन’ असूनही या कुटुंबाला हा ट्रक पुरत नाही.

आता टायर. ट्रकच्या टायरच्या बाजूवर ‘एलटी’ अक्षरांनंतर माप आणि मग १२५/१२२ असे आकडे असतात, ते टायर किती वजन पेलतो याचे सांकेतिक आकडे. पहिला आकडा एकटं चाक असताना, दुसरा जोडीचं चाक असताना. एलटी२७५/७०आर१८, लोड रेंज ई (टायरच्या मजबुतीचा वर्ग) या टायरला १२५ म्हणजे ८० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवेत ३,६४० पौंड. दोन चाकं मिळून ७,२८०. आपले ७,३३४ तिथेही बसले नाहीत. आणि १७ इंची एलटी२४५/७५आर१७ असतील तर एकेकाला ३,१९५, दोघांना मिळून ६,३९०. फक्त चाकाचं माप बदललं आणि ८९० पौंड गेले. टायरवर ‘पी’ (म्हणजे प्रवासी मोटारीचा टायर) अक्षर असेल तर ट्रकवर वापरताना बाजूवरची क्षमता १.१ ने भागावी लागते. बाहेरून बसवलेल्या शोभेच्या रिमांची स्वतःची मर्यादा रिमच्या आतल्या बाजूला कोरलेली असते आणि ती टायरपेक्षा कमी निघू शकते. टायर मोठे घेतले, रिम मात्र तशाच कमी क्षमतेच्या ठेवल्या, अशा गाड्या पुष्कळ फिरतात.

दोन्ही मागच्या चाकांवर वजन सारखं पडत नाही, हेही लक्षात ठेवा. स्वयंपाकघर, फ्रिज आणि बाहेर सरकणारी खोली एकाच बाजूला असेल तर ती बाजू २००-३०० पौंडांनी जड होऊ शकते. सरासरी ठीक दिसते आणि एक टायर मर्यादेबाहेर चालत राहतो. टायर फुटतो तो बहुतेकदा उन्हाळ्यात, महामार्गावर, हवा कमी असताना. हवा कमी म्हणजे टायरची भिंत जास्त वाकते, वाकण्यातून उष्णता होते आणि उष्णतेने आतले थर सुटतात. म्हणून हवा सकाळी, टायर गार असताना मोजायची.

मागे दोन-दोन चाकं असलेल्या गाडीला तिकडे ड्युअली म्हणतात. एलटी२३५/८०आर१७ टायर जोडीत २,८३५ पौंडांचे, चार मिळून ११,३४०. तिथे टायर ही अडचणच राहत नाही, अ‍ॅक्सलची मर्यादा आधी येते. शिवाय रुंद बैठकीमुळे गाडी डोलतही कमी. बाहेर सरकणाऱ्या खोल्यांचे ३,००० पौंडांच्या वरचे कॅम्पर घेणाऱ्यांनी सरळ ड्युअलीच बघावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. शहरात पार्किंगचा त्रास होतो, हे खरं.

वजन कुठे पडतं

कॅम्परच्या बाजूला बहुधा गुरुत्वमध्याची खूण असते. ही खूण मागच्या अ‍ॅक्सलच्या रेषेवर किंवा काही इंच पुढे यायला हवी. मोजणं सोपं आहे. हौद्याच्या पुढच्या भिंतीपासून मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंत अंतर घ्या. मग कॅम्परच्या पुढच्या भिंतीपासून खुणेपर्यंत. पहिलं ५० इंच आणि दुसरं ४६ आलं तर खूण ४ इंच पुढे, उत्तम. हौद्याची पुढची भिंत वाचवायला मध्ये रबर किंवा लाकूड घालणार असाल तर त्याची जाडी दुसऱ्या मापात मिळवा.

खूण मागे गेली तर सी-सॉ होतो. १६० इंची व्हीलबेसच्या (म्हणजे पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमधलं अंतर) ट्रकवर ४,२५४ पौंडांचा कॅम्पर १० इंच मागे बसला, तर १० भागिले १६० या हिशेबाने पुढची चाकं २६६ पौंडांनी हलकी होतात आणि मागच्या अ‍ॅक्सलवर ४,५२० पौंड येतात. स्टिअरिंग सैल वाटतं, हेडलाइट समोरच्यांच्या डोळ्यांत जातात, ओल्या रस्त्यावर पुढची चाकं पकड सोडतात. आठ फुटी हौद्यासाठी बनवलेला कॅम्पर साडेसहा फुटी हौद्यात ठेवला की हेच होतं. चार दारं आणि आखूड हौदा असलेल्या ट्रकच्या फ्रेम कॅब आणि हौद्याच्या मधोमध वाकलेल्या दिसतात, त्यामागे जास्त वजनासोबत हे मागे गेलेलं वजनही असतं. मागच्या बंपरवर सायकलींचा १०० पौंडांचा रॅक अ‍ॅक्सलपासून ६० इंच मागे लावला, तर अ‍ॅक्सलला तो १३७ पौंडांचा भासतो.

पाणीही जागा बदलतं. नळाला आलेलं पाणी सांडपाण्याच्या टाकीत जातं. ती टाकी मागे असेल तर वापरता वापरता वजन मागे सरकतं. ती न रिकामी करता पिण्याची टाकी पुन्हा भरली की हिशेबात नसलेले ३०० पौंड वाढलेच.

एअर बॅगने काय होतं, काय होत नाही

गाडी मागून बसली की एअर बॅग, म्हणजे मागच्या पाट्यांना आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या, घाला, असा सल्ला हमखास मिळतो. एअर बॅग गाडी वर उचलतात. जीव्हीडब्ल्यूआर मात्र एका पौंडानेही वाढवत नाहीत. टायर, बेअरिंग, अ‍ॅक्सल तेच राहतात. जास्तीचे पाटेही वजनाची मर्यादा वाढवत नाहीत, वागणूक सुधारतात, एवढंच. मर्यादेच्या आत असलेल्या गाडीला हे उपयोगी आहे, बाहेर गेलेल्या गाडीला ते झाकण आहे.

एअर बॅग जास्त फुगवल्याने गाडी डोलते, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. वन-टन गाडीत मुख्य पाट्यांच्या वर जादा वजनाचा एक जाड पाटा असतो. गाडी पुरेशी बसली की तो टेकतो आणि बाजूच्या डोलण्याला अडवतो. बॅगने गाडी इतकी उचलली की तो पाटा टेकतच नाही, तर तो आधार गेला. त्यापेक्षा आधी टायर आणि रिम पुरेसे आहेत का ते बघा. मग जादा पाटा लवकर टेकवणारे ठोकळे. मग मागचा जाड अँटी-रोल बार. चांगले शॉक अ‍ॅब्सॉर्बर. सर्वांत शेवटी, गरज उरलीच तर, गाडी सपाट करण्यापुरती एअर बॅगमध्ये थोडी हवा.

जखडणं हा वेगळा विषय आहे, पण दोन गोष्टी सांगायला हव्यात. जड कॅम्परच्या साखळ्या ट्रकच्या फ्रेमला लावलेल्या कड्यांतच अडकवा. हौद्याच्या पत्र्याला धरणाऱ्या कड्या पत्रा ओढून काढतात. आणि हौद्यात प्लॅस्टिकचा गुळगुळीत लायनर असेल तर तो काढून जाड रबरी चटई टाका, नाहीतर वळणावर कॅम्पर घसरतो. निघाल्यावर पहिल्या ३०-५० मैलांनी थांबून टर्नबकल (साखळ्या ताणून धरणारे स्क्रू) पुन्हा तपासायचे. तोवर सगळं थोडं बसलेलं असतं. ड्युअली असेल तर पुढच्या दोन जॅकना बाहेर सरकणारे ब्रॅकेट लागतात, नाहीतर मागची रुंद चाकं मध्ये येतात.

काटा करा

अमेरिकेत मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलचे काटे असतात. त्याला ओळीने वेगवेगळ्या प्लेट असतात. पुढची चाकं पहिल्या प्लेटवर आणि मागची दुसऱ्यावर येतील असं थांबायचं, बटण दाबून खासगी गाडी असल्याचं आणि हे पहिलं वजन असल्याचं सांगायचं, मग आत जाऊन पावती घ्यायची. पावतीवर दोन्ही अ‍ॅक्सलचं वजन वेगवेगळं येतं. त्यानंतर २४ तासांत त्याच काट्यावर पुन्हा वजन केलं तर दर कमी पडतो. एकदा रिकामा ट्रक, एकदा सहलीला निघतानाचं सगळं भरून, माणसांसकट. दोन्ही वेळा इंधनाची टाकी पूर्ण हवी, नाहीतर फरक चुकतो.

जुना कॅम्पर विकत घेत असाल तर ही दोन वजनं सौद्याच्या आधीच करता आली तर फार बरं. लाकडी सांगाड्याच्या कॅम्परमध्ये छतातून पाणी मुरलेलं असेल तर ओलं लाकूड आणि इन्सुलेशन वजनात दिसतं, आणि मग जड निघालेल्या कॅम्परचे कोपरे दाबून बघायला कारण मिळतं.

कॅम्पर उतरवला की टायरमधली हवाही दारावरच्या स्टिकरवरच्या आकड्याला आणा. कॅम्परसाठी ८० पीएसआय भरून तसाच रिकामा ट्रक चालवला तर मागचं टोक प्रत्येक खड्ड्यावर उडतं आणि टायर मधोमध झिजतात.